सुईच्या मागे राहणारा हात

(मंडळाच्या निधीसंकलन कार्यक्रमात प्रकल्प गटातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या भाषणानंतर लगेच जेवण आहे आणि मागच्या दारातून मसालेभाताचा वास यायला लागला आहे, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. त्यामुळे विषय सुईचा असला तरी फार वेळ टोचत बसणार नाही.

'आम्ही' म्हणजे प्रकल्प गटातली चौघं. तिघं सॉफ्टवेअरवाले, इंजिनीअरिंगची पदवी घेऊन दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे. चौथी आमची मैत्रीण इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आज जे काही शहाणपणाचं ऐकाल ते बरंचसं तिच्याकडून आलेलं आहे. भाषण मात्र आमच्या गळ्यात पडलं, कारण तिची आज ड्यूटी आहे.

यंदाच्या निधीचा विषय आपल्याला निमंत्रणपत्रिकेवरून माहीत आहेच. महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त काढण्याचं काम अधिक सुरक्षित करायचं आहे. पत्रिका पोचल्यावर एका काकांचा फोन आला. म्हणाले, "अरे, रक्त काढायला लागतं काय? एक सुई, एक बाटली आणि थोडा कापूस. त्याला एवढा निधी कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्याही मनात सुरुवातीला तोच होता. त्याचं उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो ते आज आपल्यासमोर मांडतो.

एका टोचण्यात काय काय असतं

आपण सगळ्यांनीच कधी ना कधी रक्त दिलेलं आहे. दंडाला पट्टा, मूठ आवळा, स्पिरिटचा थंड बोळा, "आता थोडं टोचेल हं", आणि संपलं. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने काम इथे संपतं. रक्त घेणाऱ्याच्या दृष्टीने धोका इथे सुरू होतो. कारण आता त्याच्या हातात रक्ताने भरलेली, पोकळ, उघडी सुई आहे आणि ती कुठेतरी ठेवायची आहे. दुसऱ्या हाताने रुग्णाच्या कोपरावर कापूस दाबायचा आहे, नळीवर नाव घालायचं आहे, आणि दारात पुढचा माणूस उभा आहे.

साध्या सिरिंजने रक्त काढलं तर कामं आणखी वाढतात. सिरिंजमधलं रक्त नळीत भरायचं. त्यासाठी एकतर सुईने नळीचं रबरी बूच टोचायचं, म्हणजे एका हातात नळी आणि दुसऱ्या हातातली सुई थेट तिच्याच दिशेने. नाहीतर सुई काढून, बूच उघडून रक्त ओतायचं. जोरात दाबलं तर लाल पेशी फुटतात. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये ते खोटंच वाढलेलं दिसतं. मग डॉक्टर म्हणतात, पुन्हा रक्त घ्या. म्हणजे पुन्हा एक सुई, पुन्हा तोच धोका.

रक्त काढण्यातली सुरक्षितता आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे आम्हाला इथे पहिल्यांदा कळलं. पहिल्याच वेळी नमुना चांगला मिळाला तर दुसरी सुई लागतच नाही. सगळ्यात सुरक्षित सुई म्हणजे वापरावी न लागलेली सुई.

धोका केवढा

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या अहवालात अंदाज दिला होता की जगातल्या सुमारे साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ३० लाखांना दरवर्षी दूषित सुई किंवा धारदार वस्तू टोचते. फक्त अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठी इथल्या सीडीसी या संस्थेचा अंदाज वर्षाला सुमारे ३,८५,००० जखमांचा होता. म्हणजे हा काही फक्त आपल्या गावाकडचा, गरिबीचा प्रश्न नाही.

टोचली की लगेच आजार होतो असंही नाही. रुग्णाला एचआयव्ही असेल तर अशा टोचण्यातून संसर्ग होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. हेपटायटिस सी साठी पूर्वी १.८ टक्के म्हणत, अलीकडच्या अभ्यासांत ती ०.२ टक्क्याच्या आसपास दिसते. खरा खलनायक आहे हेपटायटिस बी. लस न घेतलेल्या माणसाला त्या रुग्णाची सुई टोचली तर शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. आणि याच आजारावर स्वस्त, खात्रीची लस आहे! ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा, शेवटी हिशोब सांगताना आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे वाट पाहणं. एचआयव्हीचा संशय असेल तर औषध जितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आत, सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. मग काही महिने पुन्हा पुन्हा तपासण्या. बहुतेकांच्या तपासण्या निगेटिव्हच येतात. पण ते महिने त्या माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी कसे काढले, याची नोंद कुठल्या तक्त्यात नसते.

दोष कुणाचा?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक शब्द फार लोकप्रिय आहे : 'युजर एरर'. प्रोग्रॅम बिघडला की आधी वापरणाऱ्याला दोष द्यायचा. पण शंभर माणसं रोज तेच चुकीचं बटण दाबत असतील, तर दोष माणसांचा नसतो, बटणाच्या जागेचा असतो. सुयांच्या बाबतीतही कित्येक वर्षं हेच चाललं होतं. सुई टोचली? नर्सचं लक्ष नव्हतं. आणखी एक ट्रेनिंग द्या, भिंतीवर आणखी एक पोस्टर लावा.

हा विचार बदलण्यात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधक जॅनीन जॅगर यांचा मोठा वाटा आहे. १९८८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठ रुग्णालयातल्या ३२६ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : कोणाला टोचली हे राहू दे, कुठलं उपकरण टोचलं? सगळ्यात जास्त जखमा साध्या सिरिंजने झालेल्या दिसल्या. पण रुग्णालयाने कुठली वस्तू किती विकत घेतली होती, याच्याशी आकडे ताडून पाहिल्यावर चित्र उलटं झालं. साध्या सिरिंजचा दर सगळ्यात कमी निघाला, दर लाखामागे ६.९ जखमा. सलाइनच्या नळीला जोडायच्या सुईचा दर होता ३६.७. म्हणजे पाचपटीहून अधिक! वापरून झाल्यावर जी वस्तू सोडवावी लागते, जोडावी लागते, तिथे हात सुईच्या समोर येतो आणि टोचतं. सुमारे एक तृतीयांश जखमा तर टोपण परत बसवण्याशी संबंधित होत्या.

आता टोपण परत का बसवतात, याचाही त्यांनी विचार केला. आळस किंवा अडाणीपणा हे त्याचं उत्तर नाही. हातात उघडी सुई घेऊन खोली ओलांडायची असेल तर ती झाकणंच माणसाला शहाणपणाचं वाटतं. एक धोका टाळायला माणूस दुसरा पत्करतो. हे वाचल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, "ही तर आमचीच माणूस निघाली!" बिघाड शोधायची आमची रीत तिने दहा-पंधरा वर्षं आधीच सुयांना लावलेली होती. या कामासाठी त्यांना २००२ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

चांगल्या डिझाइनच्या चार अटी

१९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एक सूचना काढली, त्यात सुरक्षित सुईचे गुण दिलेले आहेत. आमच्या भाषेत सांगायचे तर ते असे. एक, हात आणि सुई यांच्यामध्ये पक्का आडोसा हवा आणि काम करताना हात कायम सुईच्या मागे राहायला हवा. दोन, हा आडोसा उपकरणाचाच भाग हवा, नंतर लावायची वेगळी वस्तू नको. तीन, सुई सोडवण्याच्या आधीपासून ते डब्यात पडून गेल्यावरही तो टिकायला हवा, म्हणजे कचरा उचलणाराही वाचतो. चार, वापर इतका सोपा हवा की शिकवावं लागू नये, लागलंच तर अगदी थोडं.

या चार अटींवर आजची उपकरणं तपासून पाहा.

पहिलं उपकरण म्हणजे निर्वात नळी. जोसेफ क्लाइनर यांची ही १९४० च्या दशकातली कल्पना. नळीतली हवा कारखान्यातच काढून घेतलेली असते. सुईला दोन टोकं असतात. एक शिरेत जातं. दुसरं, रबरी टोपी घातलेलं, प्लॅस्टिकच्या होल्डरच्या आत लपलेलं असतं. नळी होल्डरमध्ये ढकलली की ते बुचात शिरतं आणि रक्त आपसूक हवं तेवढं ओढलं जातं. एकाच टोचण्यात तीन-चार नळ्या भरता येतात. रक्त हाताने ओतायचं काम संपलं, नळीकडे उघडी सुई नेणं संपलं. ऐंशी वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही सगळ्यात उपयोगाची आहे.

पण त्यातही एक खोच आहे. काही ठिकाणी पैसे वाचवायला होल्डर धुऊन पुन्हा वापरत. तसं करायचं तर सुई फिरवून काढावी लागते, आणि तेव्हा ते मागचं टोक बोटात घुसू शकतं. म्हणून इथल्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याने २००३ मध्ये स्पष्ट सांगितलं : सुई आणि होल्डर जोडलेल्या अवस्थेतच, एकत्र टाकून द्या. इथे काटकसर महाग पडते.

दुसरं, झाकणाऱ्या सुया. काहींना बिजागरीचं झाकण असतं, ते एका हाताच्या अंगठ्याने टेबलावर न टेकता बंद करता येतं. काहींमध्ये बटण दाबलं की सुई स्प्रिंगने आत जाते. काहींमध्ये सुई शिरेत असतानाच तिचं टोक बोथट करता येतं, म्हणजे बाहेर येते तीच बोथट होऊन. याचा फायदा मोजलेला आहे. १९९३ ते १९९५ या काळात अमेरिकेतल्या तीन महानगरांत अशा सुया वापरून बघितल्या. सीडीसीने १९९७ मध्ये निष्कर्ष दिले. शिरेतच बोथट होणाऱ्या सुईने जखमा ७६ टक्क्यांनी कमी झाल्या, बिजागरीच्या झाकणाने ६६ टक्क्यांनी, आणि पंखवाल्या, म्हणजे फुलपाखरी सुईवरच्या सरकत्या नळकांड्याने फक्त २३ टक्क्यांनी. तिन्ही उपकरणांवर 'सुरक्षित' असाच शिक्का, फरक मात्र एवढा! जे झाकण मुद्दाम आठवणीने लावावं लागतं ते घाईत राहून जातं. म्हणून कॅटलॉग बघून सुई निवडायची नसते, ती वापरणाऱ्याच्या हातात देऊन निवडायची असते.

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत याचा कायदा झाला. त्यातली एक तरतूद आम्हाला फार आवडली : सुया निवडताना प्रत्यक्ष काम करणाऱ्या, म्हणजे साहेब नसलेल्या, कर्मचाऱ्यांचं मत घ्यायलाच हवं. प्रत्येक जखमेची, ती कुठल्या उपकरणाने झाली यासह, नोंद ठेवायची. जॅगर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८५ रुग्णालयांतल्या जखमा कायद्यानंतर सुमारे ३८ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. युरोपीय संघाने २०१० मध्ये असाच निर्देश काढला. भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ पासून आहेत आणि २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे धारदार वस्तूंसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, न टोचला जाणारा, न गळणारा डबा लागतो. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे. नियम चांगला आहे. प्रश्न तो गावातल्या चार खोल्यांच्या रुग्णालयापर्यंत नेण्याचा आहे.

तिसरं, जाडी. सुई जितकी बारीक तितकं दुखणं कमी, असं आपल्याला वाटतं. पण नळीतून वाहणारा द्रव आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, हे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घोकलेलं असतं. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळावा हिस्सा. फार बारीक सुईने रक्त हळू येतं, गोठू शकतं, नमुना वाया जातो. म्हणून मोठ्यांसाठी बहुधा २१ गेज, म्हणजे बाहेरून ०.८ मिलिमीटर, आणि नाजूक शिरांसाठी २३ गेज, म्हणजे ०.६ मिलिमीटर.

चौथं, नळीचा आकार. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचं दिवसातून अनेक वेळा रक्त जातं आणि त्यातलं बरंचसं तपासणीनंतर टाकून दिलं जातं. कॅनडातल्या २५ अतिदक्षता विभागांत नेहमीच्या ऐवजी कमी रक्त ओढणाऱ्या नळ्या वापरून पाहिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले, आणि नमुना अपुरा पडण्याचे प्रसंग अगदीच विरळा होते. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या ग्रामीण भागातल्या बायाबापड्यांसाठी ही साधी सुधारणा फार मोलाची वाटते.

पाचवं, आमच्या घरचं : लेबल. रक्त उत्तम काढलं आणि नळीवर भलत्याच माणसाचं नाव गेलं, तर सगळं फुकट, आणि रक्त चढवायचं असेल तर जिवावर बेतणारं. नियम सोपा आहे. रुग्णाकडून पूर्ण नाव आणि आणखी एक ओळख वदवून घ्यायची, आणि नळीवर लेबल त्याच्यासमोरच, तो खुर्चीवरून उठायच्या आत लावायचं. आमच्या गटाने शनिवार-रविवार बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. नोंदणी करताना बारकोड छापला जातो, कुठल्या तपासणीला कुठल्या रंगाच्या बुचाची नळी आणि ती कितव्या क्रमाने भरायची हे पडद्यावर दिसतं. क्रम चुकला तर एका नळीतलं रसायन दुसरीत जाऊन निकाल बिघडतो. वीज गेली तर? त्यासाठी छापील तक्ता भिंतीवर आहेच.

यंत्र की सुया?

आता थोडं नाजूक बोलतो. आमच्या समितीत यावरून खरोखर वाद झाला, आणि तो आपल्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

एका उदार देणगीदारांची इच्छा होती की रुग्णालयाला शिरा दाखवणारं यंत्र द्यावं. रक्तातलं हिमोग्लोबिन जवळचा अवरक्त प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे त्या प्रकाशात शिरा काळ्या दिसतात. यंत्र तेच चित्र हिरव्या किंवा लाल प्रकाशाने कातडीवर उमटवतं. बघायला अगदी जादूसारखं! यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येते. लहान मुलं आणि अवघड शिरा असलेले रुग्ण यांच्यासाठी ते उपयोगी पडू शकतं, पण त्याने पहिल्या टोचण्यात यश वाढतंच असं सगळ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. आणि सुई बाहेर आल्यावर बोट वाचवायला ते काहीच करत नाही.

आपल्या जवळच, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाने २०२० मध्ये स्वतः शीर शोधून रक्त काढणाऱ्या रोबोच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निकाल दिले. ३१ जणांमध्ये ८७ टक्के यश, आणि ज्यांच्या शिरा सहज सापडतात अशा २५ जणांमध्ये ९७ टक्के. इंजिनीअर म्हणून आमची छाती फुगते. पण जिथे फ्रीजला स्टॅबिलायझर लागतो तिथे हा रोबो पाठवायचा का?

उलट टोकाचं उदाहरणही सर्वांना ठाऊक आहे. बोटाच्या टोकातल्या काही थेंबांवर ढीगभर तपासण्या करू, असं सांगणारी थेरानोस कंपनी २००३ मध्ये निघाली, २०१८ मध्ये बंद पडली, आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या संस्थापिका गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. बोट पिळून काढलेल्या थेंबात पेशींभोवतालचा द्रव मिसळतो, पेशी फुटतात. निसर्गाचे नियम भाषणाने वाकत नाहीत. (आमच्याही नाही.)

गेल्या जानेवारीत आमच्यातले दोघे सुट्टीवर गेले असताना या रुग्णालयात दोन दिवस राहून आले. लॅबमध्ये एकच ताई. सकाळी सातपासून बाहेर रांग, कारण लोक उपाशीपोटी एसटीने आलेले असतात आणि परतीची गाडी चुकवायची नसते. साध्या सिरिंजने रक्त काढायचं, सुई काढायची, रक्त ओतायचं. सुया कापायचं यंत्र आहे, पण ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कारण प्लग तिथे आहे. म्हणजे प्रत्येक वेळी उघडी सुई घेऊन आठ पावलं. आम्ही ताईंना विचारलं, तुम्हाला सगळ्यात आधी काय हवं? आम्हाला वाटलं त्या कॉम्प्युटर म्हणतील. त्या म्हणाल्या, "हाताशी एक डबा द्या. आणि आमच्या मावशींना लस द्या."

मावशी म्हणजे तिथल्या सफाईच्या मावशी. आदल्या पावसाळ्यात कचऱ्याची पिशवी उचलताना त्यांच्या मांडीत सुई घुसली. कुणाच्या रक्ताची, कळायला मार्ग नाही. लस घेतलेली नव्हती, कारण 'स्टाफ'च्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, त्या कंत्राटावर होत्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषधं सुरू केली, तालुक्याला नेलं, सगळं नीट केलं. शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. मावशींनी आम्हाला चहा देता देता एवढंच सांगितलं, की त्या सगळ्या महिन्यांत त्यांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त नातवाला वेगळ्या ताटात जेवायला वाढायच्या. ताट वेगळं करायची काही गरज नव्हती, हा आजार ताटातून होत नाही. पण तसं त्यांना बसून, वेळ काढून सांगणारंही कुणी नव्हतं.

त्या दिवसानंतर आमच्या मनात यंत्र की सुया हा वाद उरला नाही. त्या देणगीदार काकांना आम्ही हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पाटी राहू दे. डबे घ्या." त्यांचं नाव सांगायला त्यांनी मनाई केली आहे, पण ते आज या सभागृहात आहेत. काका, मनापासून आभार.

पैसे कुठे जाणार

योजना तीन वर्षांची आहे आणि तिचे चार भाग आहेत.

पहिला भाग, लस. डॉक्टरांपासून मावशी आणि रात्रीच्या वॉचमनपर्यंत, यादीत असो वा नसो, प्रत्येकाला हेपटायटिस बी च्या तीन मात्रा. नंतर लस लागू पडली की नाही याची तपासणी. सगळ्यात कमी खर्च, सगळ्यात जास्त संरक्षण. आपला पहिला रुपया इथे.

दुसरा भाग, डबे. रक्त घेण्याच्या प्रत्येक जागी हात पोचेल तिथे, पाऊण भरला की बंद करून पाठवायचा. आठ पावलं शून्यावर आणायची.

तिसरा भाग, निर्वात नळ्या, एकदाच वापरायचे होल्डर आणि झाकणाऱ्या सुया. कुठल्या सुया, हे आम्ही ठरवणार नाही. दोन-तीन प्रकार आणून ताई आणि सिस्टर आधी वापरून बघतील, मग त्या ठरवतील.

चौथा भाग, नोंदवही आणि प्रशिक्षण. प्रत्येक टोचण्याची नोंद, दोष न देता. कुठल्या सुईने, कधी, कसं. टोचल्यावर पहिल्या तासात काय करायचं, कुणाला फोन करायचा, याचा मराठीतला तक्ता आणि मावशींसकट सगळ्यांशी बोलणारं एक माणूस.

बऱ्याच जणांनी सुचवलं की इथूनच सामान गोळा करून पाठवू या, बॅगेत नेऊ या. भावना समजते, पण ते करू नये. नळीतली पोकळी कालांतराने कमी होते, म्हणून नळ्यांना मुदत असते. मुदत संपलेली नळी कमी रक्त ओढते, आणि रक्त गोठण्याच्या तपासणीच्या निळ्या बुचाच्या नळीत रक्त आणि औषधाचं नऊास एक प्रमाण बिघडलं की निकालच चुकतो. शिवाय इथल्या सुयांना तिथले होल्डर बसतीलच असं नाही. भारतात या वस्तू मिळतात. तिथेच घ्यायच्या, म्हणजे पुरवठा चालू राहतो आणि बिघडलेला माल परत करता येतो.

आणि तीन वर्षांनंतर काय? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सुरक्षित सुयांची सवय लावून त्या बंद करणं म्हणजे फसवणूकच. म्हणून रुग्णालयाच्या विश्वस्तांशी आधीच बोललो आहोत. पहिल्या वर्षी सगळा खर्च मंडळाचा, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश. उरलेला भार ते स्वतःच्या अंदाजपत्रकात घेत जातील. दरवर्षी नोंदवहीतले आकडे, चांगले असोत वा वाईट, मंडळाच्या वार्षिक सभेत ठेवले जातील. पहिल्या वर्षी जखमांचा आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका. आधी लोक सांगतच नव्हते, आता सांगायला लागले, असा त्याचा अर्थ असू शकतो.

मंडळी, या निधीतून फोटो काढण्यासारखं काही उभं राहणार नाही. फीत कापायला जागा नाही. तीन वर्षांत यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू वापरून, डब्यात भरून, नष्ट केली जाईल. उरेल ते एवढंच, की सकाळी सातच्या रांगेतल्या माणसाला एकदाच टोचलं जाईल, आणि त्याला टोचणारी ताई व तिच्यामागे फरशी पुसणारी मावशी संध्याकाळी निर्धास्तपणे घरी जाईल.

देणगीची पाकिटं प्रत्येक टेबलावर ठेवलेली आहेत. एकरकमी देण्यापेक्षा तीन वर्षं थोडं थोडं दिलंत तर आम्हाला जास्त आवडेल, कारण सुया दर महिन्याला लागतात. पाकिटावर त्यासाठी वेगळा चौकोन आहे. ज्यांना पैशाबरोबर वेळ द्यायचा आहे त्यांनी जेवताना आम्हाला गाठावं. प्रोग्रॅममधली मराठी अक्षरं नीट छापायला एक जाणकार माणूस अजून हवा आहे! आणि इथे कुणी नर्सिंगमध्ये, लॅबमध्ये काम करत असाल तर कृपया नक्की भेटा. आमच्या मैत्रिणीला एकटीला फार काम पडतं.

शेवटी एक छोटीशी विनंती. पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल तेव्हा समोरच्या माणसाशी सुई हातात असताना गप्पा मारू नका, त्याला त्याचं काम करू द्या. सुई झाकून डब्यात गेली, की मग जरूर दोन शब्द बोला.

मसालेभात वाट बघतो आहे.